जीपचे बंपर बनवणाऱ्या खान्देशातल्या वेल्डिंगवाल्या भावांना खुलं पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतले समस्त वेल्डिंग-फॅब्रिकेशन वर्कशॉपवाले,

राम राम.

रावेर-यावलच्या केळीच्या बागांत, शिरपूर-चोपड्याच्या काळ्या मातीत, धडगाव-मोलगीच्या डोंगरवाटांवर जुन्या फोर-बाय-फोर जीपा अजून राबताहेत. त्यांचा मूळ बंपर सडला किंवा वाकला की मालक गाडी तुमच्या दारात लावतो. पाइपावर, चॅनेलवर (पन्हाळीच्या आकाराच्या लोखंडावर) थाप मारतो आणि एकच विचारतो, "मजबूत शे ना भाऊ?" तुम्ही हो म्हणता आणि तो निर्धास्त होतो. पण त्यानं जिथे थाप मारली, तिथून बंपर सहसा तुटतच नाही. तुटतो तो चेसीला (गाडीच्या खालच्या सांगाड्याला) जिथे धरलाय तिथून, वेल्डच्या मुळातून, नाहीतर ओढायच्या हुकातून. या तिन्ही जागा त्याला दिसत नाहीत, दिसतात फक्त तुम्हाला. म्हणून हे पत्र गाडीमालकांना न लिहिता तुम्हाला लिहितो आहोत.

सुरुवात नकारापासून करतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडी नोंदणीच्या वेळी कंपनीनं दिली तशीच रस्त्यावर राहिली पाहिजे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्ये सगळ्या राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड आणि बुल बार या कलमात बसत नाहीत हे स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १८२अ आलं. त्यात मालकाला अशा प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. तेव्हा बॉनेटच्या उंचीपर्यंत चढणारी पाइपांची चौकट कोणी मागितली, तर नाही म्हणा. होळीआधीच्या आदिवासी भोंगऱ्या बाजाराच्या दिवसांत सातपुड्याच्या पायथ्याचे रस्ते पायी चालणाऱ्यांनी भरलेले असतात. ती पाइप माणसाच्या कमरेच्या आणि छातीच्या उंचीवर असते. पत्र्याचं बॉनेट दबतं, पाइप दबत नाही.

एअरबॅगवाल्या गाडीला तर कोणत्याच जाड पोलादाला हो म्हणू नका. अशा गाडीत बंपरमागचे भाग ठरलेल्या क्रमानं चुरगळावेत असं कंपनीनं आखलेलं असतं आणि धक्का किती जोराचा आहे हे सेन्सर त्या चुरगळण्यावरून ओळखतो. पुढे कडक चॅनेल आला की तो हिशेब चुकतो. एअरबॅग उशिरा उघडते, उघडतच नाही, किंवा किरकोळ धक्क्याला उघडते. हे गिऱ्हाइकाला समजावून सांगायला दोन मिनिटं लागतात, तेवढी द्या.

मग उरतं काय? ज्या गाडीला कंपनीनंच पोलादी बंपर दिला होता (जुन्या महिंद्रा जीपा, एमएम ५४०, मेजर, जिप्सी) तिला त्याच जागी, त्याच रुंदीचा, त्याच उंचीवर नवा पोलादी बंपर. दुसरं म्हणजे फक्त शेतात किंवा बंद ट्रॅकवर चालणारी, रस्त्यावर न येणारी गाडी. आमच्या मते पहिलं काम ही दुरुस्तीच आहे, पण रुंदी-उंची बदलणार असेल तर मालकाला आधी आरटीओत विचारून यायला सांगा. पुढचं सगळं या दोन प्रकारच्या गाड्यांपुरतं आहे.

आता माल. जुन्या जीपेला १०० बाय ५० मिमीचा चॅनेल पुरतो. मीटरला साधारण साडेनऊ किलो, म्हणजे दीड मीटरच्या बंपरला चौदा-साडेचौदा किलो. चॅनेल नको असेल तर ५ मिमी, तुमच्या भाषेत दीड सूत प्लेट वाकवून घ्या. चौरस मीटरला ३९ किलो धरा. ८ मिमी प्लेटचा बंपर मागणारा भेटतो, त्याला वजनाचा हिशेब सांगा. समजा चाकांमधलं अंतर २४०० मिमी आहे आणि बंपर पुढच्या एक्सलच्या ६०० मिमी पुढे आहे. तिथे ६० किलो लटकवले तर पुढच्या पाट्यांवर (स्प्रिंगच्या पट्ट्यांवर) ७५ किलो येतात आणि मागची चाकं १५ किलोनं हलकी होतात, कारण तो तराजूच्या दांडीसारखा पलीकडून उचलतो. पुढचे पाटे बसतात, हेडलाइट खाली झुकतो, ब्रेक मारला की नाक जास्त खाली जातं. माउंट (बंपर चेसीला धरणारा भाग), शॅकलच्या (गाडी ओढायच्या पिनवाल्या कडीच्या) प्लेटा, टोकं सगळं धरून २५ ते ३० किलोंत पुढचा बंपर बसला पाहिजे. तयार झाल्यावर शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवून बघा.

भंगारातल्या दोन वस्तू या कामात अजिबात वापरू नका. एक, जुन्या पाट्याचा तुकडा. ब्रॅकेट म्हणून तो फार मजबूत वाटतो, पण त्या पोलादात कार्बन जास्त असतो. वेल्डच्या शेजारची पट्टी थंड होताना काचेसारखी कडक होते आणि पहिल्या-दुसऱ्या झटक्याला वेल्डला लागूनच चीर जाते. दोष वेल्डचा नसतो, तरी नाव वेल्डरचंच खराब होतं. दुसरी वस्तू टीएमटी सळई. तिची ताकद बाहेरच्या कडक थरात असते. गरम करून वाकवली आणि वेल्ड मारला की तो थर त्या जागी मऊ पडतो. सळईचा हुक कांद्याची गोणी लटकवायला ठीक आहे, फसलेली गाडी ओढायला नाही.

गॅल्व्हनाइज्ड पाइपही टाळा. जस्ताचा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, हे तुमच्यापैकी अनेकांनी सोसलं असेल. शिवाय वेल्डमध्ये छिद्रं राहतात. दुसरं काही मिळतच नसेल तर सांध्याच्या दोन्ही बाजूंचं जस्त दोन-दोन इंच घासून काढा आणि वारा बाजूनं येईल असे बसा. वाकवायच्या पाइपाची शिवण बाकाच्या आतल्या किंवा बाहेरच्या अंगाला येऊ देऊ नका, बाजूला ठेवा. बाजूला ताण सगळ्यात कमी असतो.

माप घेताना थेट लोखंडावर खडू ओढू नका. कूलरच्या किंवा फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, त्याचा बंपर कापा, चिकटपट्टीनं जोडा, गाडीला लावा. पुठ्ठा लागलेला असतानाच दोन्ही बाजूंना स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि एक चाक जॅकवर पूर्ण चढवा. टायर कुठे घासणार ते तिथेच दिसतं. बंपर आणि मडगार्ड यांच्यात २० ते २५ मिमी मोकळं ठेवा. या गाड्यांची बॉडी रबराच्या गुटक्यांवर बसलेली असते आणि खडकावर चेसी पिळली की ती वेगळी हलते. १० मिमीच ठेवलं तर पहिल्याच नाल्यात मडगार्ड चेपतं. रुंदीही मडगार्डबाहेर काढू नका. टोकं आत वळवून बंद करा आणि कोपऱ्यांना निदान रुपयाच्या नाण्याइतकी गोलाई द्या.

रेडिएटरची वाट अडवू नका, हे खान्देशात तर दोनदा सांगावं लागेल. मे महिन्यात पारा ४५ ला जातो. तोरणमाळचा घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढताना इंजिनाला मिळणारी हवा पंख्याच्याच जोरावर येते. बंपरची वरची कड रेडिएटरच्या जाळीच्या खाली ठेवा. जाळीसमोर जास्तीचे दिवे, विंच, नंबरप्लेट काहीही येऊ देऊ नका. नंबरप्लेट कंपनीनं ठरवलेल्या जागी, समोरून पूर्ण वाचता येईल अशी बसली पाहिजे.

आता चेसी. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. चेसीवर वेल्ड मारू नका. चेसीला आधीच छिद्रं आहेत, तीच वापरा. नवं छिद्र पाडावंच लागलं तर उभ्या भिंतीत पाडा, वरच्या-खालच्या कडेत नको, कारण वाकण्याचा ताण त्या कडाच घेतात. गॅस कटरनं छिद्र मारू नका. ते लांबट होतं, कड जळते आणि बोल्ट त्यात हलत राहतो. आधी ५-६ मिमीचा बिट, मग १२.५ किंवा १३ चा.

माउंटची प्लेट ८ मिमी. प्रत्येक बाजूला एम १२ चे चार बोल्ट, डोक्यावर ८.८ कोरलेले. कोरलेलं नसेल तो बोल्ट ग्रिलच्या कामाला ठेवा. नट नायलॉकचा (आत नायलॉनची कडी असलेला), दोन्हीकडे जाड वायसर. चेसी पेटीसारखी बंद असेल तर आतून पाइपाचा तुकडा बोल्टवर चढवा, त्याची लांबी पेटीच्या आतल्या रुंदीइतकी. तो नसला तर नट आवळताना पेटीच्या भिंती आत दबतात. बोल्ट घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि महिन्याभरात ढिला होतो. टॉर्क पाना असेल तर कोरड्या एम १२ ला साधारण ८० न्यूटन-मीटर. आणखी एक, चॅनेलच्या कडांना आतून उतार असतो. तिथे साधा वायसर एकाच कोपऱ्यावर टेकतो आणि बोल्ट वाकतो. तिरपा वायसर घाला, नाहीतर बोल्ट सरळ भिंतीतूनच न्या.

ओढायची जागा हा बंपरचा जीव आहे. काळ्या मातीत गाडी धुऱ्यापर्यंत बसली की चिखल चाकांना आणि पोटाला शोषून धरतो. ओढायला लागणारा जोर गाडीच्या वजनाइतका, कधी त्याहून जास्त होतो. पलीकडे ट्रॅक्टर असतो आणि ट्रॅक्टरवाला झटका देतोच. म्हणून शॅकलची प्लेट बंपरच्या तोंडावर नुसती चिकटवू नका. २० मिमी जाड, ८० मिमी रुंद पट्टी घ्या. बंपरमध्ये खाच कापून ती आरपार मागे न्या आणि मागच्या ८ मिमी माउंट प्लेटला लांबीभर दोन्ही अंगांनी वेल्ड करा. मग ओढ पट्टीतून माउंटमध्ये, माउंटमधून बोल्टांत आणि बोल्टांतून चेसीत जाते. बंपरचा चॅनेल त्यात फक्त सोबतीला राहतो. नुसती तोंडावर चिकटवलेली पट्टी चॅनेलचा पत्रा फाडून बाहेर येते आणि मग ती ट्रॅक्टरवाल्याच्या पाठीच्या दिशेनं सुटते.

छिद्र २४ मिमी ठेवा. पाऊण इंची शॅकलची पिन २२ मिमी असते. छिद्राच्या कडेपासून पट्टीच्या टोकापर्यंत निदान २८ मिमी लोखंड हवं. छिद्राच्या दोन्ही कडा घासून गोल करा. शॅकल ४.७५ टन कोरलेलाच घ्यायला मालकाला सांगा. हार्डवेअरच्या दुकानात साखळीसाठी मिळणारा बिननावाचा डी इथे चालत नाही. जाड पट्टीला वेल्ड मारण्याआधी ती गॅसनं हात लावता येणार नाही इतकी तापवा. थंड २० मिमी लोखंड वेल्डची उष्णता गिळतं आणि वेल्ड वर बसल्यासारखा दिसला तरी खाली चिकटलेला नसतो. चाप, म्हणजे रॉडच्या टोकाची ज्योत, जाड पट्टीकडे जास्त रोखा, पातळ चॅनेलकडे कमी.

आता खुद्द वेल्ड. ५ मिमी मालाला ३.१५ चा रॉड, १०० ते १२५ अँपिअर. साधा ६०१३ नंबरचा रॉड बंपरच्या अंगाला चालतो. माउंट आणि शॅकलच्या पट्टीला ७०१८ वापरा. तो पाकिटातून काढून तसाच वापरायचा नाही, ओव्हनमध्ये वाळवून घ्यायचा. पावसाळ्यात ओलावा ओढलेला ७०१८ वेल्डमध्ये हायड्रोजन सोडतो आणि चीर दुसऱ्या दिवशी दिसते. ओव्हन नसेल तर हे दोन सांधे मिगवर (तार आणि गॅसच्या वेल्डिंगवर) करा. मात्र मिगला वारा सोसत नाही. मार्च ते जून आपल्याकडे दुपारी जो गरम वारा सुटतो तो गॅस उडवून लावतो आणि वेल्ड जाळीसारखा होतो. ताडपत्री लावा, कूलर-पंखा बंद करा, नाहीतर सकाळी काम करा.

विजेचंही तेच. शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं. मशीनच्या पाटीवर १२० दिसतात, रॉडपर्यंत तेवढे पोचत नाहीत. रॉड चिकटतो, वेल्ड गोळ्यागोळ्यांचा होतो. त्यात दीड एमएमच्या वायरची लांबलचक एक्स्टेन्शन असेल तर आणखी वाईट. किमान ४ चौरस मिमीची वायर ठेवा.

वेल्ड खरोखर धरला की नाही हे बघायची पद्धत फुकटची आहे. बंपरच्याच मालाचे दोन तुकडे घ्या, चार इंच लांब. एक दुसऱ्यावर उभा करून टी बनवा. त्याच रॉडनं, त्याच सेटिंगवर फक्त एका बाजूला वेल्ड मारा. थंड झाला की व्हाइसमध्ये धरून बिनवेल्डच्या बाजूनं हातोड्यानं ठोका, म्हणजे वेल्डचं मूळ उघडत तुटेल. तुटलेला भाग उजेडात धरा. कोपऱ्यापर्यंत खरखरीत करडा दिसला तर वेल्ड मुळात उतरलाय. मुळाशी सरळ रेषेत प्लेटची कड जशीच्या तशी दिसली, त्यावर मूळची निळी-काळी पापडी तशीच असली, तर वेल्ड नुसता वर बसलाय. अँपिअर वाढवा, किंवा मधे २ मिमी फट सोडा, किंवा पापडी आधी ग्राइंडरनं काढा. सुईनं टोचल्यासारखी भोकं दिसली तर ओलावा, वारा किंवा रंग-तेल राहिलंय. रोज काम सुरू करताना एक तुकडा तोडायला दहा मिनिटं पुरतात. एवढ्या एका सवयीनं अर्ध्या तक्रारी थांबतील, असं आम्ही खात्रीनं सांगतो.

कोपऱ्याचे वेल्ड घासून गुळगुळीत करायची फॅशन आहे, त्याबद्दल थोडं. दोन प्लेटा कोपऱ्याला कोपरा लावून बाहेरून वेल्ड मारला आणि मग फ्लॅप डिस्कनं सपाट केला, तर तुम्ही वेल्डच घासून टाकला. रंगाखाली मिलिमीटरभर लोखंड उरतं. घासायचंच असेल तर आधी कडांना ३०-३५ अंशांचा उतार द्या, २ मिमी फट ठेवा, वेल्ड मुळापर्यंत भरा, आतून दुसरा पास मारा, मग बाहेरून घासा.

पूर्ण वेल्ड गाडीवर मारू नका. गाडीवर फक्त टाके (मधे-मधे छोटे वेल्ड) मारायचे, तेही बॅटरीची दोन्ही टोकं काढून आणि अर्थिंग टाक्याच्या शेजारीच धरून. अर्थिंग लांब लावलं तर करंट बेअरिंगमधून, अल्टरनेटरमधून वाट काढतो. टाके १०० ते १५० मिमीवर. मग बंपर उतरवण्याआधी दोन्ही माउंटच्या मधे एक अँगल आडवा टाकून टॅक करा. हा अँगल विसरला की काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. वेल्ड थंड होताना ओढतो, माउंट तीन-चार मिमी आत येतात, भोकं जुळत नाहीत, मग कोणीतरी गॅस कटर घेऊन भोकं लांब करतं आणि बंपर जन्मभर खडखडतो. वेल्ड ४०-५० मिमीचे तुकडे करून मारा, एक डावीकडे, एक उजवीकडे. पाणी टाकून थंड करू नका.

रंगाचं थोडक्यात. पापडी काढा आणि त्याच दिवशी प्रायमर मारा, एपॉक्सीचे दोन हात. पावडर कोटिंग दिसतं छान, पण दगड लागून टवका उडाला की गंज आतून पसरतो आणि दिसत नाही. साधा रंग मालक घरी ब्रशनं लावू शकतो. बंपर बंद पेटीसारखा असेल तर त्याला खालून दोन्ही टोकांकडे १० मिमीची भोकं ठेवा. काळा चिखल आत सुकला की तो महिनोन्‌महिने ओल धरतो आणि पेटी आतून सडते.

गाडी देताना प्रत्येक नटावर आणि वायसरवर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढा. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते, मालकाला पाना लागत नाही. शंभर किलोमीटरनंतर एकदा आणि पाचशेनंतर एकदा गाडी परत बोलवा आणि बोल्ट तपासा, त्याचे पैसे आधीच बिलात धरा. बिलावर चार गोष्टी लिहा: मालाची जाडी, माउंटला वापरलेला रॉड, बोल्टचा दर्जा, काट्यावरचं वजन. उद्या दुसरा वेल्डर त्या गाडीखाली शिरला तर त्याला अंदाज लावत बसावं लागणार नाही. आणि "मजबूत शे ना भाऊ" असं कोणी विचारलं, तर त्याला गाडीखाली वाकायला लावून आधी ते आठ बोल्ट दाखवा.

आपले,
खान्देशातले काही जीपवाले आणि वेल्डर